चौदाव्या पातळीवर

अजगर मेला.
तीन आठवडे पोसला होता मी त्याला
बियाणे कंपनीच्या फुकट डायरीत, मागच्या पानांवर :
दोनशे ऐंशी प्राण, तीन शेपट्या, विषारी श्वास.
रोशनी उईकेने वीस पैलूंचा फासा टाकला. वीस.
इरफानने वीज पाडली,
धम्मपालने तलवार घातली,
आणि संपलं. चहा अजून गरम होता.

"झालं? एवढाच होता का बे?"

हे ऐकलं, आणि उपकेंद्राच्या खोलीत
ट्रान्सफॉर्मरची गुणगुण एकदम मोठी झाली.

पहिल्या पातळीवर बरं होतं.
एक रानडुक्कर सोडलं की चौघं झाडावर.
टिकाराम मास्तर, निवृत्त, खेळात चोर,
कोंबडी चोरताना पकडले गेले होते.
धम्मपालचा वीर तर मेला घोरपडीच्या हातून,
आणि दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
काय दिवस होते.

आता ते उडतात.
भिंतीतून जातात, मेलेला उठवतात,
मास्तरांनी परवा एका देवाची सावली चोरली.
हे सगळं मीच दिलं,
लग्नात टोप्या-दुपट्टे वाटावेत तसं, हात न आखडता.
तक्रार कुणाकडे करू?

म्हणून वाढवलं.
पाचशे प्राण. सातशे. दोन अजगर, मग चार.
चार अजगरांच्या चार पाळ्या, मी एकटाच फासे टाकतोय,
इरफान जांभई देतोय,
लढाई कसली, तलाठ्याकडची रांग.

एकदा खोटंही बोललो.
राक्षस दुसऱ्याच फेरीत मेला होता.
डायरी छातीशी धरून म्हटलं, अजून आहे जीव.
रोशनी अंगणवाडीत रोज पोरांची वजनं लिहिते.
आकडा कुठे फुगवलाय
तिला काटा न बघता कळतं.
काही म्हणाली नाही.
तिचे फासे बिस्किटाच्या डब्यात टाकले, झाकण लावलं.
ते झाकण मला पुढचा शनिवार येईपर्यंत ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात भार वाढला होता.
हरभऱ्याला पाणी, सगळ्या मोटारी एकदम,
वरून फोन : एक फीडर बंद ठेवा.
कोणता, ते तुम्ही बघा.
बघत बसलो मी. हाताखाली तेहतीस हजार व्होल्ट,
आणि पिंपळखुटा अंधारात ठेवू की बोरगाव,
एवढंसं ठरत नव्हतं.

शनिवारी राक्षस नव्हताच.
एक नदी. पूर. दोरावर ओढायची नाव, तीत चाळीस माणसं,
आणि दोर धरलेला नावाडी,
ज्याच्या अंगात तो शिरलाय,
ज्याला हे चौघं वर्षभर शोधत होते.
मी डायरी उघडीच ठेवली. वाचा म्हटलं.
नावाडी. प्राण : अकरा.

धम्मपाल हसला. तलवारीला हात घातला.
मग हसणं थांबलं.
"दोर त्याच्याच हातात आहे ना?"
"हो."

पाऊण तास कुणी फासा उचलला नाही.
मास्तरांनी चष्मा पुसला, परत पुसला.
इरफान, जो आकड्यांशिवाय बोलत नाही,
म्हणाला, "नाव काय त्याचं?"
वहीत नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.
म्हटलं, डोमा.

तेवढ्यात फोन. "ओ ऑपरेटर, लाइन काहून गेली?"
उठलो, ब्रेकर चढवला, नोंद केली,
परत आलो तर धम्मपालच्या वीराने
तलवार नदीत टाकली होती
आणि दुसऱ्या बाजूने दोर धरला होता.
कुणी सांगितलं याला असं करायला?
माझ्या डायरीत तर नव्हतं.

"टाक," मी म्हटलं.
फासा उडाला, टेबलावरून घरंगळला,
बॅटरी चार्जरच्या खाली गेला.
चार महारथी पालथे पडून मोबाइलच्या उजेडात
जाळं नि पाली हुडकतायत,
आणि आकडा दिसायच्या आधीच
जमिनीवरून रोशनीचा आवाज :
"डोमाले पोवता येते का?"

मला माहीत नव्हतं.