पाचशे त्रेसष्टावा

हैमाच्या पंपावर, पहाटे पावणेसहाला,
आम्ही बाराजण गुडघ्यांना तेल चोळत होतो.
मस्कत मागे पाचशे चाळीस,
सलाला पुढे जवळजवळ तेवढंच.
अंगात पिवळे सदरे, पाठीवर छापलेलं:
भुकेविरुद्ध एक हजार किलोमीटर.
भूक आम्हालाही लागली होती,
पण खजूर आणि उकडलेली अंडी गाडीत होती,
गाडी लुबनाची, आणि लुबना वेळेची पक्की.

किलोमीटरला दोनशे बैसा, हा आमचा दर.
कंपनीने शंभर घेतले, पाचशे एक ते सहाशे.
दातांच्या डॉक्टरांनी पन्नास.
बायकोने दहा, चढाचे नकोत म्हणून बजावून.
वही माझ्याकडे. एकवीस वर्षं रुवीत
लोकांच्या सिमेंटचा हिशेब लिहितोय,
तिथे हा काय.

पंक्चरच्या टपरीतून मोफिजुल आला,
कोपरापर्यंत काळा.
न सांगता माझं मागचं चाक फिरवून पाहिलं,
एक तार सैल होती, ती आवळू लागला.
गाव गायबांधाकडे. तीनदा सरकलं, म्हणाला.
नदी खाते.
मग पाठीवरचं काय लिहिलंय ते विचारलं.
वाचून दाखवलं. त्याची हिंदी, माझी हिंदी,
दोन्ही इथेच आखातात शिकलेल्या.
कुणाची भूक?
जगाची, म्हटलं.
त्याने मान हलवली,
ओळखीच्या माणसाचा पत्ता सांगावा कुणी, तशी.

खिशातून शंभर बैसाच्या दोन नोटा काढल्या,
ग्रीसने एकमेकींना चिकटलेल्या.
एक द्या.
पावती फाडली. नाव, रक्कम, सही.
तो पावतीकडे बघतच राहिला.
यात कुठला ते नाही लिहिलं.
कुठला म्हणजे?
माझा किलोमीटर. कुठला?

मी म्हटलं, पाचशे त्रेसष्टावा.
का ते विचारू नका, तोंडात आला.
त्याने माझ्याच पेनाने मागे लिहून ठेवला,
बांगला आकड्यांत, आमच्या आकड्यांचे चुलतभाऊ,
आणि पावती टोपीच्या आत, घामाच्या पट्टीखाली.

वारा दिवसभर आडवा.
पाचशे बासष्ट मोजून झाले तसा मी मागे पडलो.
लुबनाने हॉर्न दिला. हात केला, व्हा पुढे.
मग तो आला.
डावीकडे सपाट. उजवीकडे सपाट.
ट्रकचा टायर, केळीच्या सालीसारखा सोललेला.
उंट जपा सांगणारी पाटी. उंट नाही.
एक काटेरी झाड, कमरेएवढं,
वाऱ्याने एकाच बाजूला विंचरलेलं.
हजार मीटर, आणि एवढं सगळं त्याचं.

खरं सांगतो, सायकलवरून उतरलो.
चालत नेली.
कुणी प्रेमाने पान वाढावं
आणि आपण उभ्याउभ्या दोन घास खाऊन निघावं,
तसं काहीतरी वाटत होतं.
झाडाचा फोटो काढला. टायरचाही.

रात्री गफ्तैनच्या खोलीत
वही उघडली तेव्हा ध्यानात आलं,
हा तर कंपनीला विकलेला.
एकच किलोमीटर, दोन मालक.
कंपनीचे नव्याण्णव केले, दोनशे बैसा स्वतःचे टाकले
आणि कंपनीच्या नावावर डोंगरातला एक लिहिला,
चढाचा.

फोटो पाठवले होतेच. त्याचा निरोप आला, आवाजी,
मागे कुणीतरी चाकात हवा भरतंय.
गावी दाखवला, म्हणाला. भावाने विचारलं,
झाड आपलं का? मी म्हटलं, झाडासकट.
भावाने विचारलं, जवळ नदी आहे का?
म्हटलं, नाही, शेकडो मैल नाही.
मग राहील, म्हणाला भाऊ.

लुबनाने दार वाजवलं: दिवे बंद, चारला उठायचंय.
दिवा घालवला.
आवाज कमी करून
निरोप पुन्हा एकदा लावला.