आतली पट्टी

काँटेसा सत्त्याऐंशी सालची.
मिल बंद पडली तेव्हा अकरा महिन्यांच्या पगाराऐवजी
नान्नांच्या हातात किल्ली आली.
शेठजींना तेवढंच देता आलं, की तेवढंच द्यायचं होतं,
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

इंजिन धडधाकट. पत्रा ठीक.
फक्त ड्रायव्हरशेजारच्या सीटची मानेची उशी
अशोक चौकापासून सात रस्त्यापर्यंत
प्रत्येक खड्ड्याला हो म्हणायची.
ब्रेक लागला की पुढे झुकायची,
मग हळूहळू, एकेक खाच सोडत,
बसायची खांद्यांत मान घालून.
सकाळी नान्ना तिला दोन बोटांनी वर उचलायचे
आणि मगच स्टार्टर मारायचे.

मी आधी इन्सुलेशन टेप गुंडाळली. मे महिना.
बंद गाडीत टेपचा काळा गूळ झाला.
मग मौलाली नदाफांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला,
म्हणाले, आता जिंदगीभर हलायची नाही.
विजापूर वेशीपर्यंत टिकली जिंदगी.

शेवटी मल्लिनाथ जॉबरना बोलावलं.
तीस वर्षं त्यांनी मागाखाली उताणं झोपून काढलेली,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
त्यातल्या अर्ध्या बोटानं त्यांनी भोक चाचपलं.
"उशी चांगलीय की ओ. दांड्या बी चांगल्या.
आतली पट्टी मेलीय.
धरायचं काम जिचं तीच थकल्यावर
बाकीचं हलू लालंय, त्याचा काय दोष?"

उशी उपसून बॉनेटवर ठेवली, चादरीच्या तुकड्यावर.
एका दांडीला पाच खाचा.
चारांच्या कडा अजून नखाला लागत होत्या,
तिसरी गुळगुळीत, चाटून चाटून संपवलेल्या गोळीसारखी.
"कोण बसत होतं इथं?"
मी रेक्झिनवरचा तेलाचा गोल डाग पुसत राहिले.
तो निघत नाही, हे मला माहीत आहे.
अव्वा बुटकी होती. अंबाडा मोठा.
जॉबरनी परत विचारलं नाही.

पिशवीतून त्यांनी जुन्या फणीचं एक पातं काढलं,
ज्याच्या फटीतून कधीकाळी ताण्याचे धागे गेले असतील.
दुहेरी केलं, कानशीनं टोक मोडलं.
मी स्टोव्ह आणायला वळले
तर ओरडले, "तापवू नको बे! ताठा जाईल त्याचा."
अंगठ्यावरच वाकवलं, आत सरकवलं,
उशी दाबली.
टक.
इतका नेमका आवाज
त्या गाडीत वर्षानुवर्षं झाला नव्हता.

पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मिलच्या गेटपर्यंत सोड.
पुढे बसले नाहीत.
मागच्या सीटवर मधोमध बसले, काच खाली करून,
आणि गेटाजवळ मी दार उघडेपर्यंत उतरले नाहीत.
चिमणीवर पिंपळ उगवलाय. त्यांनी तो बघितला, शिंकले,
रिक्षा करून घरी गेले.

रविवारी नान्नांनी गाडी काढली. मी मागे.
रस्ताभर बोलत होते, नेहमीसारखे,
डाव्या बाजूला तोंड करून.
रूपा भवानीच्या रस्त्याला मोठा खड्डा आला.
उशी ताठ.
नान्नांनी वाक्य अर्धंच सोडलं,
गिअर बदलला, जो बदलायची गरज नव्हती.

गुरुवारी गाडी पुसताना
ॲशट्रेत पातं सापडलं,
लॉटरीच्या तिकिटात नीट गुंडाळलेलं.
"आवाज करत होतं," नान्ना म्हणाले.
मी हो म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.
पातं तिकिटासकट परत आत ठेवलं.

संध्याकाळी होटगी रोडला निघालो.
"नळाला आज पाचवा दिवस," ते म्हणत होते,
"टाकी तळाला गेली, आता टँकरच सांगावा लागतोय बघ."
पुढे रेल्वे गेट. रूळ आडवे.
मी मागच्या सीटवर
मान अगदी स्थिर धरून बसले.