दिवा खाली सोडताना

आमचं घर दिवस मावळायच्या आत जेवणारं.
म्हणून आदगोंडाला रात्री ताट दिसत नाही
हे नऊ वर्षं कुणाला कळलंच नाही.
दिवेलागणीला तो अंथरुणात.
आई म्हणायची, शहाणं लेकरू.

कळलं ते हरिपुरात, पेवावर.
जमिनीत पोट लपवून बसलेलं पेव,
दोनशे पोती हळद गिळून तोंडाला मातीचा लिंपा.
उघडलं की बाबा आधी दोरीनं दिवा सोडायचे.
विझला तर थांबायचं, आत वारं नाही.
तेवला तर माणूस उतरायचा.
त्या दिवशी तेवला. बाबा उतरले.
आदू काठावरून वाकून म्हणाला,
"अक्का, दिवा दिसतोय. बाबा कुठं गेले?"
बाबा दिव्याशेजारीच उभे होते,
गुडघ्यापर्यंत पिवळे,
आणि हसत होते. मग हसायचे थांबले.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर
दांडीसारख्या पेशी काढून दाखवल्या.
अंधारात म्हणे यांची दारं उघडी असतात,
खारं पाणी आत झरत राहतं.
उजेड आला की एक विकर धावतं,
दारं उघडी धरणारा निरोप तोडतं,
दारं मिटतात.
ते मिटणं मेंदूला कळतं, त्यालाच आपण दिसणं म्हणतो.
मिटणं? मी पुन्हा विचारलं.
हो, मिटणं.

आदूच्या पेशींना ते विकर नीट घडवता येत नाही.
जनुकाचं नाव पीडीई सिक्स बी,
एखाद्या एसटीच्या फलाटासारखं.
त्यात एक अक्षर चुकलंय.
दारं उघडी ती उघडीच,
कॅल्शियम शिरत राहतं
आणि पेशी आतल्या आत बुडतात.
सांगलीच्या माणसाला हे फार समजावावं लागत नाही.
पुलाची पट्टी बघत आम्ही रात्री काढल्यात,
चाळीस फूट, एक्केचाळीस,
आणि कुठल्या दाराला कोण सांगणार, मिट म्हणून.

बाबांकडून एक चूक, आईकडून तीच.
आई म्हणजे बाबांच्या थोरल्या अक्काची लेक.
लग्नात सगळे म्हणाले होते,
बरं झालं, सोनं घरातच राहिलं.
राहिलं.
अक्षरही राहिलं.
आई त्या रात्री भांड्यांशीच बोलत होती,
मी काय खाल्लं होतं, काय खाल्लं होतं मी.

माझ्यात एक प्रत बरोबर आहे, एक चुकीची.
मला सगळं दिसतं.
चांदण्यात सुई ओवते मी.
रिपोर्टात मला वाहक म्हटलंय,
जणू डोक्यावर पाटी घेऊन चाललेय कुठंतरी.

मामाच्या भरतेशचं स्थळ माझ्या जन्मापासून ठरलेलं.
पत्रिका जुळली, अठ्ठावीस गुण.
सुपारी फुटायच्या आधी मी म्हटलं,
भरतेशचं नळीभर रक्त पाहिजे, तपासायला.
मामी चहा तसाच ठेवून उठल्या.
मामा बाबांकडे बघत राहिले.
बाबा म्हणाले, आणि मी हे कधी विसरणार नाही,
"दिवा सोडल्याशिवाय मी कधी कुणाला उतरवलं नाही, बाळा."
मग भरतेशनं शर्टाची बाही वर केली.
लगेचच, बैठकीतच,
जणू सुई समोरच होती.

संगमावर आदू आणि मी बसतो.
तो आता बावीसचा. हळकुंड कानाशी धरून मोडतो,
आवाजावरून सांगतो कुठलं वाळलंय, कुठलं नाही,
अडते त्याच्या शब्दावर भाव करतात.
समोरचा माणूस नळीतून बघावा तेवढाच दिसतो त्याला.
"पाणी कुठल्या पायरीवर?"
"खालून चौथी."
"भरतेशदादाचा कागद?"
"यायचाय."
हळकुंड मोडतो. कट्.
वारणेचं पाणी गढूळ, कृष्णेचं जरा कमी.
मी घाटावर उठून उभी राहते,
तो मान वळवत, वळवत आभाळात शोधतो.
"अक्का, आहे का अजून सूर्य?
का जेवण राहिलं आज?"