सहा फ्रँक पंचेचाळीस

उर्सिना कादुफ माझ्या दारात आली
ती ओल्या बुटांनिशी, हातात पाकीट.
"गिओन, तू शाळेत शिकवायचास.
वाच आणि सांग, मी काय विकत घेतलं?"

काहीच घेतलं नव्हतं.
तिच्या थोरल्या गाईची, फ्लुरिनाची, घंटा
जूनमध्ये खडकावर आपटून तडकली
आणि रिकाम्या बादलीत चमचा पडावा
तशी वाजायला लागली.
सरहद्दीपलीकडे, इन्सब्रुकला, एक म्हातारा ओतारी आहे.
त्याने सांधली, दीडशे फ्रँक घेतले,
भुसा भरलेल्या खोक्यात घालून घरी धाडली.

घरी येता येता ती परदेशी झाली.

आयात कर : अठ्ठेचाळीस साठ.
(नवीन घंटा, किंमत सहाशे.
विम्याच्या रकान्यात सहाशे हा आकडा
उर्सिनानेच घातला होता, जपून आणावी म्हणून.)
आगाऊ भरणा : एकोणीस.
म्हणजे त्यांनी आमच्या वतीने, आम्हाला न विचारता
पैसे भरले, त्याची बिदागी.
कागदपत्रं : तेरा.
हाताळणी : चोवीस.

"हाताळणी!" उर्सिना म्हणाली,
"मी जन्मभर गाई हाताळल्या. कुणाला बिल लावलं?"

फोनवर अर्धा तास पियानो.
मग एक मुलगी, फार नम्र.
गेली तीच वस्तू परत आली, याला पुरावा हवा.
जाण्याआधीचा फोटो चालेल.

घंटेचा फोटो कोण काढतं? गाईचा काढतात.
डब्यात एक सापडला, सत्याऐंशी सालचा :
उन्हाने डोळे बारीक केलेला तिचा भाऊ दुरी,
कुरणावरून उतरणारी, फुलांनी मढवलेली गाय,
आणि फुलांच्या आड
घंटेची जेमतेम कड.

घंटेच्या आत मात्र खिळ्याने कोरलंय : उ. का.
बापाने कोरलं होतं, स्वतःसाठी, उल्दारिक कादुफ.
मुलीला अक्षरं आयती मिळाली.

मी पत्र लिहिलं, जर्मनमध्ये.
आमच्या रोमान्शमध्ये भांडण जास्त रंगतं,
पण त्या भाषेत त्यांचा फॉर्म नव्हता.
उर्सिना चुलीपाशी उभी राहून सांगत होती :
"माझी बहीण ऑस्ट्रियात गुडघा बदलून आली.
तिच्यावर कर कुणी लावला?"
हे वाक्य मी खोडलं.
रात्री उठून पुन्हा लिहिलं.

सात आठवडे.
मध्ये दोन स्मरणपत्रं, दुसरं लाल शाईत.
घंटा स्वयंपाकघरात, पावाच्या टोपलीशेजारी.
गाईच्या गळ्यात बांध म्हटलं तर म्हणे,
वादातली वस्तू आहे.

मग निकाल.
कर फक्त दुरुस्तीवर : बारा पंधरा.
बाकीची शुल्कं कायम.
फेरतपासणीचे नवे तीस.
मी दोनदा बेरीज केली, मग पेन्सिलीने तिसऱ्यांदा.
एकशे चार साठ होते,
ते अठ्ठ्याण्णव पंधरा झाले.
नाकापेक्षा मोती जड असतो,
इथे घंटेपेक्षा पट्टा.

मला वाटलं, चिडेल.
तिने सहा फ्रँक पंचेचाळीस मोजून
टेबलावर वेगळे काढले,
नाण्यांवर हात ठेवला,
आणि म्हणाली, "हे जिंकलेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो.
फ्लुरिनाने मान पुढे केली, सवयीने.
उर्सिनाने पट्टा आवळला, पाठीवर थाप दिली.
गाय चालली
आणि घंटा वाजली.

चांगली वाजली. खणखणीत.
पण खालच्या सुरात,
आधी होती त्याहून बोटभर खाली.
चरणाऱ्या बाकीच्या गाईंनी माना वर केल्या,
कोण नवीन आलं ते बघितलं.

मी उर्सिनाकडे पाहिलं नाही.
ती बराच वेळ ऐकत उभी होती.
मग म्हणाली,
"हे त्यांना कळवू नकोस."