नाव घासायचे दहा रुपये

कोपरखैरण्यात, मागच्या गल्लीत, मुनव्वरचा गाळा आहे.
पाटी नाही.
वाशीतली सिडकोची एखादी इमारत पाडायला काढली
की महिन्याभरात तिचं पोट इथं येऊन पडतं:
पंखे, पाट, पडद्यांच्या दांड्या,
देव काढून घेतलेली देवघरं,
उंची मोजल्याच्या पेन्सिलखुणांसकट एक दार.

मी गुरुवारी जाते.
रविवारी गाडीवाले येतात आणि भाव बिघडवतात.

जे हवंय त्याच्याकडे आधी बघायचं नाही.
शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं,
मग "आणि हे?" म्हणायचं,
जणू पायात आलं म्हणून.
शर्टाची कॉलर नव्हे, काख बघायची.
चादर उजेडाकडे धरायची.
कुकरचं झाकण त्याचंच आहे ना, बसवून बघायचं;
दुसऱ्याचं झाकणही बसतं कधी कधी,
शिटी होत नाही.

दीडशेला मी लेकाचा ब्लेझर आणला, मुलाखतीपुरता.
नोकरी लागली. म्हणाला, आता नवा घेतो.
तोच ब्लेझर मी मुनव्वरला दोनशेला विकला.
त्यानं कपाळावर हात मारला, पण पैसे दिले.

तर हा डबा.
स्टीलचा, पाच किलोचा, झाकण असं घट्ट
की उघडताना आतली हवा 'हुं' म्हणते.
आत मेथीचा वास.
बाहेर, टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सौ. मंदाकिनी दत्ताराम चौलकर हिस
डोहाळजेवणानिमित्त
मावशीकडून
९-२-७४

मुनव्वरनं काट्यावर टाकला. दोनशे दहा.
मी बाजूच्या गंजक्या किसणीकडे बघत म्हटलं, एकशे वीस.
एकशे चाळीसला तुटलं.
"ताई, नाव घासून देऊ? मशीन आहे. दहा रुपये वेगळे."

नको म्हटलं.
दहा रुपयांसाठीच म्हटलं,
उगाच कुणी त्याला माया वगैरे चिकटवू नये.

घरी आल्यावर नाव भिंतीकडे वळवून ठेवलं.
सून भांडी पुसते तेव्हा जे मागं असतं ते पुढं येतं.
एक दिवस आतून ओरडली,
"आई, मंदाकिनी संपत आलीय!"
मी दचकले. मग दोघी हसलो.
तेव्हापासून हे असंच चाललंय:
मंदाकिनी भरून ठेव.
मंदाकिनीला मुंग्या लागल्यात.
मंदाकिनीतले वाटीभर दे शेजारच्या तांडेलबाईंना,
त्यांचे संपलेत.

कधी दुपारी हिशेब करते.
चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत पोटात होतं
ते आता पन्नाशीचं.
त्यानंच काढला असेल डबा.
खारघरला ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर असेल,
त्यात सगळं पारदर्शक, झाकणं रंगीत,
मावशीला जागा नाही.
दोष नाही देत.
मीही ब्लेझर विकला आहेच.

माळ्यावर माझीही काही भांडी आहेत:
एक घंगाळ, दोन पातेली, एक परात,
लग्नातली, कोरलेली.
कोरणाऱ्यानं माझ्या नावातलं एक अक्षर चुकवलंय,
आमच्याकडच्यांनी त्याला त्याचेही पैसे दिले होते.
ती एक दिवस काट्यावर येतील.
मुनव्वर नसेल तर त्याचा मुलगा असेल.
कुणीतरी गुरुवारी येईल,
आधी शेजारची किसणी बघेल,
नाक मुरडेल,
"आणि हे?" म्हणेल.

नाव घासायचे दहा रुपये तिनंही वाचवावेत,
एवढंच.
चुकीच्या अक्षरानं का होईना,
तिच्या घरात मला कुणी घासावं, पालथं घालावं, हाक मारावी.

पण पहिल्यांदा सांगितलेला भाव
तिनं तसाच देऊन टाकला,
तर मात्र
मला फार लाज वाटेल.