चुकिरागाची किल्ली

तिसऱ्या मजल्यावर नॅप्थलीनचा वास
आणि इल्दा कुरापिलची सव्वीस वर्षं.
तिचं काम चिकटवायचं. नाव द्यायचं नाही.
वाळकी डहाळी, डिंक, कापडी पट्टी,
उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी.
नाव बदललं तर शेजारी नवी चिठ्ठी,
जुनी फाडायची नाही, हा इथला धर्म :
आधी कुणाची तरी चूक, मग कुणाचा तरी राग,
दोन्ही एकाच कागदावर, डिंकानं बसवलेले.

डॉक्टर अरिस्मेंदी म्हणतात, हे घराणं थोरलं.
सूर्यफूल, शेवंती, झेंडू
ही सगळी धाकट्या पातीची, जगभर पांगलेली.
थोरली पाती खंड सोडून गेलीच नाही.
कोलंबियाच्या दक्षिणेपासून पातागोनियापर्यंत
अँडीजचं बोट धरून उतरत राहिली
अंगभर काटे घेऊन.
जाती किती? वीस म्हणा, बावीस म्हणा.
पानावरची लव मोजणारे आणखी एखादी काढतात.

ओळखायची तर किल्ली आहे.
पानं समोरासमोर : सातकडे जा.
एकाआड एक : नऊकडे.
नऊवर पुन्हा दोन वाटा. अकरावर पुन्हा दोन.
तिसरी वाट कुठेच नाही.

एक कागद इल्दा हळूच उघडते.
चिंबोराझोचा उतार, चार हजार मीटर,
नारिंगी फुलं विटून चहाच्या रंगाची.
गोळा करणाऱ्याच्या जागी लिहिलंय फक्त :
'खेचरवाल्याचा पोरगा.'
आणि खाली, घाईच्या अक्षरात,
'इथला हमिंगबर्ड हवेत थरथरत नाही.
फांदीवर बसून पितो. दम वाचवतो.'
हे वाक्य कुठल्याच शोधनिबंधात गेलं नाही.
इल्दाला पाठ आहे.

भिंतीवर नकाशा. एक कागद, एक ठिपका.
ठिपके रस्त्याकडेनं दाट,
जिथे जीप थांबली तिथे झाड उगवलं.
चुबूतच्या पठारावर हाताच्या पंजाएवढी जागा कोरी,
आणि त्या कोऱ्या जागेत
इल्दाचं घर आहे, विहीर आहे,
मेंढ्यांची लोकर कातरणारा बाप पुरलाय,
आणि किलिंबाय आहे. डोळा पुरेल तिथवर किलिंबाय.
आई त्यावर पाव भाजायची.
कुणी विचारलं नाही, म्हणून ते नाही.

जानेवारीत ती सुट्टीवर गेली.
वारा असा की चिठ्ठी गुडघ्याखाली धरून लिहावी लागली.
तिनं बोटं सोलवटून एक डहाळी कापली,
जुन्या वर्तमानपत्रात दाबली,
फुटबॉलच्या निकालांवर पिवळा परागकण सांडला.
स्थळ : कुरापिलच्या विहिरीपासून चारशे पावलं, पश्चिमेला.
उपयोग : भट्टी.
संग्राहक : इ. कुरापिल.
क्रमांक :

इथे ती अडली.
डॉक्टरांचे क्रमांक चार हजार आठशेच्या पुढे गेलेत.
विहिरीच्या काठावर बसून तिनं लिहिलं,
१.

आता डॉक्टर भिंगाखाली तीच डहाळी बघताहेत.
एकवरून नऊ, नऊवरून अकरा, अकरावरून चौदा.
चौदा : पान दोन्ही बाजूंनी लवदार,
किंवा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.
हिला लव आहे, पण एकाच बाजूला,
जमिनीकडे असते त्या.

ते पुन्हा एकपासून येतात. पुन्हा चौदा.
दुपार होते. पंखा फिरतो.
इल्दा डिंकाच्या बाटलीचं झाकण लावून उभी.
नकाशावर ठिपका द्यायचा की नाही,
आणि दिला तर कुठल्या रंगाचा,
हे तिनं विचारलेलं नाही.

शेवटी भिंग ठेवून डॉक्टरच विचारतात,
'जळते कशी?'

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

'तडतडत,' ती म्हणते.
'आधी फूल जातं.
काटे सगळ्यात शेवटी.'

डॉक्टर पेन्सिल शोधतात.