जीव मुठीत

कोपनहेगन, ऑक्टोबर एकोणीसशे बावन्न.
डॉक्टरीची पोरं पुरेनात म्हणून
आम्हा दातवाल्यांनाही बोलावलं.
काम सोपं, नर्स म्हणाली.
ही रबराची पिशवी. दाब. सोड.
पुन्हा दाब.
थांबायचं नाही, एवढंच.

पिशवीपासून नळी,
नळीपासून गळ्याला पाडलेलं भोक,
आणि भोकापलीकडे एस्किल, वय अकरा,
कोर्सरच्या फेरीबोटीवरल्या खलाशाचा मुलगा,
डोळे सोडून सगळा बंद.

सरांनी फळ्यावर मेंदू काढला होता.
तळाशी, मानेत उतरणाऱ्या देठात
खडूचा एक ठिपका.
इथं कोणीतरी बसतं, म्हणाले,
जन्मापासून रजा न घेतलेलं.
प्राणवायूचा हिशेब ते क्वचितच बघतं.
रक्त किती आंबलंय ते चाखतं,
आणि छातीला सांगतं: घे.
पोलिओनं एस्किलचा नेमका तो ठिपका खाल्ला होता.
आता त्याच्या जागी
माझी मूठ.

पहिल्या रात्री त्याचे श्वास मोजता मोजता
माझेच घ्यायचे राहिले, भोवळ आली.
दुसऱ्या रात्री दोघांची लय
कधी जुळली, कळलं नाही.

तिसऱ्या रात्री तो डोळे घट्ट मिटायचा,
उघडायचा, परत घट्ट.
काहीतरी हवं होतं.
नळी पाहिली. सिलिंडर बदलला.
पाणी? उशी? आई?
पहाटे थकून मी एक उसासा टाकला
आणि त्या भरात पिशवी तळापर्यंत दाबली गेली.
कपाळावरची गाठ सुटावी तसा
त्याचा चेहरा सैल झाला.

उसासा हवा होता त्याला.
फळ्यावर हे नव्हतं:
की धडधाकट माणूसही दर काही मिनिटांनी
एक मोठा श्वास घेऊन सोडतो,
त्यासाठी दुःख लागत नाही.
फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडायला
ठिपकाच तो धाडतो.
पुढच्या पाळीच्या मुलाला मी सांगितलं,
शंभराला एक मोठा.
त्यानं ते हातावर शाईनं लिहून घेतलं.

(नंतर चाळीस वर्षं मी दात काढले.
खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, नाकानं श्वास घ्या,
आणि तोवर छान घेत असलेला तो
लगेच चुकायला लागायचा.)

एका रात्री डोळा लागला.
तीन दहा. मग एकदम साडेतीन.
दचकून पाहिलं तर हात चालूच होता,
ना घाई, ना उशीर.
माझ्या मानेतल्या त्या बिनचेहऱ्याच्या कामगारानं
वीस मिनिटं दोन माणसं चालवली होती.
मी कोणाला सांगितलं नाही.
अभिमानानं नाही, भीतीनं.

सहा नंबरच्या खाटेशी नर्स आली,
दाबणाऱ्या मुलाच्या मनगटावर तिनं हात ठेवला.
तरी त्यानं दोनदा दाबलं.
मग पिशवी मांडीवर घेऊन
तो बसून राहिला.
कोणी त्याला उठ म्हणालं नाही.
आम्ही आपापली दाबत राहिलो.

नोव्हेंबर. खिडकीच्या काचेवर धुकं.
सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी,
एकोणनव्वदला पिशवी
माझ्या आधी चेपली.
वाटलं, गळतेय. सांधे चाचपले.
नव्वद. एक्क्याण्णव.
पुन्हा.
पाण्याखालून दोरीला
हलकासा हिसका बसावा तसा.

एस्किलचे डोळे टक्क उघडे,
जणू खोलीत तिसरं कोणी आलंय.
मी मूठ सैल केली. सोडली नाही.
मोजणं चुकलं.
नर्स दारातच उभी होती, पाठमोरी, चार पावलांवर,
आणि तिला हाक मारायला
मला श्वास सापडेना.